पहिल्या रविवारचा हॉल

छताखाली

म्हणायला तो हॉल होता. पण तो त्या घराचा नव्हता.

नेरूळमधल्या त्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर आणि हा हॉल. दारावरच्या पाटीवर मानसिंग यांचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत ‘अध्यक्ष, मुंबईकर ग्रामस्थ मंडळ’. गाव तिकडं सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पुढं. पण गावाचा कारभार निम्मा इथं चालायचा, कारण गावातली निम्मी माणसं मार्केटात हमाली करायला इथं आली आणि इथलीच झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची बैठक. जत्रा, देवळाचा कळस, कोणाच्या बांधावरून कोणाचं पाणी. सगळं या हॉलात.

वरून खाली बघत आलं तर असं:

छताला टेकून फोटो. मानसिंग हार घालताना. मानसिंग हार घालून घेताना. मानसिंग कुठल्याशा पुढाऱ्याच्या मागं, अर्धा कान तेवढा दिसतोय.

फोटोंखाली शोकेस. काचेआड सन्मानचिन्हं, त्यांच्यावर गुंडाळलेल्या शाली.

शोकेसशेजारी दिवाण. दिवाणाच्या पोटात मंडळाच्या सतरंज्या, मंडळाची पातेली, मंडळाचा भोंगा, मंडळाचे फ्लेक्स. वर पांढरी चादर. चादरीवर गावाहून दवाखान्यासाठी, नोकरीसाठी, परीक्षेसाठी येणारं कोणीही झोपायचं. घरच्या पोरांनी, अबोली आणि यशूनं, मात्र चढायचं नाही.

आणि सगळ्यात खाली, दारामागं, एक प्लास्टिकची टोपली. त्यात खेळणी. बेल वाजली की टोपली उचलायची आणि आत जायचं.

एवढाच पोरांचा हॉल.

डोक्याएवढं

राजलक्ष्मी या घरची सून. तिला हे दिसत नव्हतं असं नाही. पण रोज दिसणारं डोळ्यांना कळायचं बंद होतं, तसं झालेलं.

कळलं ते दुसऱ्याच्या घरात.

समोरच्या इमारतीतल्या स्मिताकडं ती पोरांना घेऊन गेली होती. स्मिताची मुलगी अबोलीच्याच वर्गातली. दोघी जमिनीवर बाहुल्यांचं लग्न लावत होत्या. यशू, अजून नीट न बोलणारा, नवऱ्यामुलाचं डोकं चावत होता. चहा झाला होता. तेवढ्यात बेल वाजली.

काही नव्हतं. कुरिअरवाला होता.

पण अबोली उठली. हातातली वरमाला खाली टाकली, फ्रॉकच्या ओच्यात बाहुल्या भरल्या, दुसऱ्या हातानं यशूचं बखोट धरलं आणि सरळ स्मिताच्या स्वयंपाकघरात गेली. गॅसच्या सिलिंडरला पाठ लावून बसली. यशूनं तोंड उघडलं तसं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

कुरिअरवाला सही घेऊन गेलासुद्धा. अबोली बाहेर आली नाही.

“अगं, किती शहाणी आहे!” स्मिता हसली. “माझी बघ, अजिबात ऐकत नाही.”

स्मिताची मुलगी नवरीला एकटीच घेऊन मधोमध बसली होती. दार उघडं, कुरिअरवाला दारात, आणि तिचं आपलं चाललेलं, मंगलाष्टकं.

शहाणी.

हा शब्द राजलक्ष्मीनं घरापर्यंत आणला. जिना चढताना तो दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा टोचत होता. घरी येऊन तिनं कुलूप काढलं, हॉलात पाय ठेवला, आणि लक्षात आलं की तीसुद्धा थांबलेली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती या हॉलातून फक्त जाते. चहाचा ट्रे घेऊन जाते, कप घेऊन परत येते. या दिवाणावर ती कधी पाय वर घेऊन बसली? आठवेना. नव्हतीच बसली.

ती बसली.

मांडी घालून, चपला न काढता.

खांद्याएवढं

सासूसासरे तेव्हा गावी होते, कांदा काढायला. तिला सगळं त्यांच्यामागं उरकता आलं असतं. शिवतेजनं, तिच्या नवऱ्यानं, सुचवलंही तसं.

“आबा नाहीत तोवर करून टाक. आल्यावर बोंबलतील, मग गप बसतील.”

“चोरी करायची आहे का मला?”

ती थांबली. ते आले. आंघोळी झाल्या. तिनं मानसिंगना चहा दिला, सोबत खारी दिली, कप रिकामा होऊ दिला. मग ओट्याखालून स्क्रूड्रायव्हर काढला. सासऱ्याला ती माहेरच्या रीतीनं मामा म्हणायची, सासूला आत्या.

“मामा, उठता का जरा? दिवाण काढायचाय.”

“झाडायचाय व्हय? झाड की.”

“झाडायचा नाही. काढायचा.”

मानसिंगना आधी वाटलं ढेकूण झालेत.

“मंडळातल्या किसनभाऊजींना दिघ्याला नवी खोली मिळालीये, त्यांना हवाय. शोकेसपण निघणार. हा हॉल आता पोरांना देणार आहे मी. रंगवणार, मांडणार, त्यांच्या हाताला येईल असं करणार.”

“आन मंडळ?”

“मंडळाला काय करायचं ते मंडळ बघेल.”

सासूबाई, वेणूबाई, कांद्याचं पोतं सोडत होत्या. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. “आगं राजी, रईवार तोंडावर हाय. बैठक हुंदे, मग काय करायचं ते कर.”

“बैठकीच्या आधीच करायचंय, आत्या.”

शिवतेज रबाळ्याहून शिफ्ट करून आला होता. डोळे लाल. तो दारातच बूट काढत रेंगाळला.

“मला मधी घेऊ नको हां, राजी. मी आबांना काय बोलणार?”

“बोलू नको. हा मागचा स्क्रू फिरव, माझा हात पोचत नाही.”

तो वाकला. फिरवू लागला. बराच वेळ फिरवला.

“उलटा फिरवतोयस.”

“माहितेय.”

“मग?”

“विचार करतोय.”

“तो नंतर कर. आधी स्क्रू काढ.”

आणि दिवाण पहिल्यांदा, एका कोपऱ्यात, किंचित, हलला.

छातीएवढं

मानसिंग ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि परत येऊन, भिंतीला टेकून, खाली बसले. गुडघा धरला. मग बोलले.

“तुला म्हाईत न्हाय म्हनून सांगतो. मी आलो तवा वाशीला मार्केट नव्हतं. मशीदबंदरला व्हतं. गावातनं आलो, अंगावर एक सदरा. रंगूबाईनं घेतलं आत. गावाकडचीच बाई. नवरा गोदीत. एक खोली, ती बी एवढी. पन म्हनली, ऱ्हा. गावचं मानूस हाय. मी आन बारा गावची पोरं त्या खोलीत निजलो. दाराशी ज्योतिबा, त्याच्या पायाशी मी, मोरीजवळ हौसेराव, त्याला घोरायची सवय म्हनून. त्या बाईनं दार लावलं असतं, तर आज हे घर नसतं. हा हॉल मी माझ्यासाठी न्हाय ठिवला. रंगूबाईचं देनं हाय ते.”

हे सगळं खरं होतं. राजलक्ष्मीला माहीत होतं की खरं आहे. तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आला.

“मामा, रंगूबाईला पोरं होती?”

“व्हती की. तीनचार.”

“ती कुठं झोपायची?”

मानसिंगनी तोंड उघडलं.

दाराशी ज्योतिबा. त्याच्या पायाशी ते. मोरीजवळ हौसेराव. खिडकीखाली तो पाटणचा, नाव विसरले, पण त्याच्या घोंगडीचा वास आठवत होता. सगळे आठवत होते. माणसामाणसाची जागा आठवत होती. त्यांनी डोळे बारीक केले, ती खोली पुन्हा एकदा भिंतीपासून भिंतीपर्यंत चाचपली.

“आसतील,” ते म्हणाले. “आसतील कुटंतरी.”

“तेच,” राजलक्ष्मी म्हणाली. “माझी ‘असतील कुठंतरी’ असणार नाहीत.”

वेणूबाईंनी पोत्यातून एक कांदा काढला, बघितला, परत ठेवला.

मानसिंगचा आवाज मग खाली आला. “आपल्याकडं रीत हाय पोरी. जिथं बैठक, तिथं अध्यक्ष. बैठक गेली, की ते बी गेलं. जल्मभर पाठीवर पोती वाह्यली. पेढीवर शेठ नावानं हाक न्हाय मारायचा, ‘ए’ म्हनायचा. ह्या एका हॉलात मी आलो की मानसं उठून उभी ऱ्हात्यात.”

सासरे तिला कधी नव्हे इतके समजले होते त्या क्षणी. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. हेच होतं. आणि हे काढून घेणारी ती होती.

हे सगळं नीट कळूनसुद्धा तिनं पुढचा स्क्रू काढला.

कंबरेएवढं

किसन टेम्पो घेऊन आला, दिवाण घेऊन गेला, जाताना वेणूबाईंच्या पाया पडला. इथवर ठीक होतं. दिघ्याला पोचल्यावर त्यानं दिवाणावर आडवं पडून स्वतःचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. ‘नवीन खोली, नवीन सुरुवात.’ स्टेटसला ठेवायचा तो हात घसरून मंडळाच्या ग्रुपवरही गेला.

ज्योतिबा: अभिनंदन किसन 💐

ज्योतिबा: दिवाण वळखीचा वाटतोय

हौसेराव: हा अध्यक्षांचा हाय

किसन: हो तात्या वहिनींनी दिला

हौसेराव: दिला म्हणजे

किसन: काढून दिला

हौसेराव: मग रविवारी बसायचं कुठं



ज्योतिबा: अध्यक्ष ऑनलाईन दिसतायत

ज्योतिबा: गेले

हौसेराव: सुप्रभात. ज्याच्या घरात ज्याचं चालत नाही त्यानं गावाचं काय चालवायचं. विचार करण्यासारखी गोष्ट 🙏

किसन: तात्या मी परत आणू का दिवाण

हौसेराव: तू झोप

गुडघ्याएवढं

आता खालून वर.

रंगाच्या दुकानात तिनं ‘मुलांसाठी’ म्हटल्यावर माणसानं पुस्तक उघडून गुलाबी आणि आकाशी दाखवला. राजलक्ष्मीनं पान उलटलं. विटेसारखा लाल घेतला. “मॅडम, हा अंधार करेल.” “करू दे.” डाग दिसू नयेत म्हणून नाही. तिला आवडला म्हणून. या घरात तिला आवडला म्हणून आलेली ही पहिली वस्तू होती, आणि ती भिंतभर होती.

शोकेस उभं होतं, ते तिनं आडवं केलं. काचा काढून भंगारवाल्याला दिल्या, कडांना पॉलिश पेपर मारला. झालं फडताळ, यशूच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत. पुस्तकं, ठोकळे, एक बिनचाकाची गाडी. सन्मानचिन्हं त्यांच्याच शालींत बांधून माळ्यावर. फोटोही माळ्यावर, फक्त अर्ध्या कानाचा तेवढा अबोलीनं मागून घेतला. तिला तो कान फार आवडायचा.

खुंट्या अबोलीच्या हाताला येतील अशा. दप्तर, रेनकोट, टोपी. शिवतेज ड्रिल मारत होता आणि भिंतीतून लाल धूळ खाली येत होती. तेव्हा वेणूबाई पदर कमरेला खोचून आल्या.

“माज्यासाठी बी एक ठोक रं. खालीच. खांदा धरल्यापासनं माजा हात वर जात न्हाय. पातळ टाकायचं म्हंजे तुजी वाट बघत बसायची.”

“मग सांगायचं ना आई.”

“कुनाला सांगू? भिंत मंडळाची.”

एक खुंटी जास्त ठोकली.

खिडकीपासून दारापर्यंतची भिंत मुलांना रंगवायला ठेवायची होती. पण रोज पुसता येईल असं काय लावायचं? वेणूबाईंनीच तोड काढली. दिवाणातून निघालेल्या पसाऱ्यातली एक गुंडाळी पायानं लोटत आणली.

“ह्ये लाव. मागल्या सालचं हाय. पाठ बघ की कशी पांढरीफेक.”

जत्रेचा फ्लेक्स. हार्दिक शुभेच्छा, वर देव, खाली मंडळाची तोंडं, मधोमध मानसिंग, सगळ्यांत मोठे. मंडळ दरवर्षी तेच फोटो छापायचं. मिशा तेवढ्याच काळ्या, हात तसेच जोडलेले, बदलायचा तो सालाचा आकडा, तोही कोपऱ्यात. राजलक्ष्मीनं तो उलटा केला, तोंडं भिंतीकडं, पांढरी पाठ बाहेर, आणि लाकडाच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी ठोकला.

अबोली रंगाची वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. उभीच.

“इथं? खरंच?”

“इथंच.”

“कोण आलं तर?”

“तर त्यांना दाखव.”

यशूनं वाट बघितली नाही. त्यानं आख्खा हात वाटीत घातला आणि भिंतीला चापट मारली.

फरशीवर

रविवार. पोहे झाले होते, पोरांच्या ताटल्या आधी वाढल्या होत्या.

बेल वाजली.

अबोली भिंतीवर बस काढत होती. ब्रश थांबला. तिनं आईकडं पाहिलं, मग टोपलीकडं. टोपली नव्हतीच तिथं.

“आत जाऊ?”

“नको. बसला चाकं लाव.”

माणसं आत आली आणि दाराशीच अडखळली. नेहमीच्या सवयीनं ज्योतिबा जिथं बसायचा तिथं आता काही नव्हतं, आणि तो बसतच गेला, पार फरशीपर्यंत. कोणी हसलं. हौसेराव मात्र उभे. चुलत भाऊ मानसिंगचे, पण अध्यक्षपदावर डोळा पहिल्यापासून. शिरवण्याला घर, सागवानी दिवाण, घराला दोन दारं. मानसिंगसाठी राजलक्ष्मीनं एक खुर्ची ठेवली होती, गुडघ्यासाठी. ते खुर्चीत बसले. बाकी सगळे खाली गाद्यांवर. कोणी उठून उभं राहिलं नाही. उठायला आधी नीट बसता यायला हवं होतं, आणि यशू एकेकाच्या मांडीतून गाडी नेत होता.

“पोरांस्नी आत घ्या जरा, सूनबाई,” हौसेराव म्हणाले. “कामाचं बोलायचंय.”

“आत कुठं, तात्या?”

“आत म्हंजे... आत.”

“आत ओटा आहे. पलीकडच्या खोलीत कालचे कपडे वाळतायत. कुठं घेऊ, सांगा.”

हौसेरावांनी खरोखर आत डोकावून पाहिलं. इतकी वर्षं येऊन त्यांनी ते घर दारापलीकडं पाहिलंच नव्हतं.

“बरं, ऱ्हाऊ द्या. आधी फ्लेक्सचं बघू. ज्योतिबा, ह्या सालचा छापून आनलायस ना?”

“आनलाय की. मागल्या बैठकीला दिवाणातच ठिवला. अध्यक्षांच्या समोर.”

आतून वेणूबाईंचा आवाज आला, “आगं बया.”

मग सगळ्यांनी बघितलं. ज्योतिबानं भिंतीशी जाऊन पट्टीखालचा कोपरा नखानं उचकटला. वाकून आत डोळा लावला.

“मीच हाय हितं,” तो म्हणाला. “तात्या, तुमी तिकडं, दारामागं. आन आकडा... ह्याच सालचा.”

“काढा!” हौसेराव गरजले. “जत्रा तोंडावर आलीया. बाळा, बाजूला हो.”

अबोली बाजूला झाली नाही. ती चाकाला गोल पुरा करत होती. गोल अर्धवट सोडला तर तो गोल राहत नाही.

राजलक्ष्मी भिंतीपुढं येऊन उभी राहिली. “चूक झाली तात्या. मला वाटलं जुना आहे. दुसरा छापून घ्या, छापणाऱ्याकडं मी स्वतः जाऊन येते. पण हा निघणार नाही.”

“चूक बी करायची आन वर तोंड बी?”

“हो.”

यशूच्या गाडीचा तेवढा आवाज.

“मानसिंग,” हौसेराव शांतपणे म्हणाले, “घर तुझं हाय न्हवं? सांग सुनेला.”

सगळे खुर्चीकडं वळले. मानसिंगनी राजलक्ष्मीकडं पाहिलं. तिला वाटलं, आता ओरडतील. ती तयार होती. तोंडात उत्तर होतं, पाय रोवलेले होते.

ते ओरडले नाहीत.

“राजी,” ते म्हणाले. भरल्या माणसांत, सुनेला, हलक्या आवाजात. “एवडी बैठक हुंदे. एकदा काढ. दिवाण आनू किसनकडनं. मग सोमवारी लाव परत, तुला पायजे तसं. मी सोता लावीन.”

याची तयारी तिनं केली नव्हती.

सोमवारी लावीन. लावतीलही. आणि पुढच्या पहिल्या रविवारी पुन्हा एकदा काढ. आणि त्याच्या पुढच्या. मग कोणाच्या घरी बेल वाजली की तिची मुलगी कोणाच्या तरी सिलिंडरला टेकून बसेल, बोट ओठावर ठेवून. शहाणी.

हात मागं घेऊन तिनं पट्टी धरली. लाकडाची कड बोटांत रुतली.

“नाही, मामा.”

एवढंच. त्याच्यापुढं ‘माफ करा’ आलं होतं, ते तिनं गिळलं.

हौसेराव एक पाऊल पुढं आले. त्यांना फार वाईट वाटत होतं अशातला भाग नव्हता. “मग असं करू. पुढची बैठक माझ्याकडं, शिरवण्याला. जिथं बैठक, तिथं अध्यक्ष. रीत जुनीच हाय, मी काय नवं सांगत न्हाय. कुनाला काय बोलायचंय?”

किसन गादीच्या टोकाशी बसून पोह्यांतले शेंगदाणे निवडत होता. मानसिंग खुर्चीतून उठले, आतून मंडळाचा शिक्का आणून हौसेरावांच्या हातात दिला. परत बसताना गुडघा कट्कन वाजला. सगळ्यांनी ऐकलं.

माणसं गेली. चपलांचा आवाज जिन्यात विरला.

“झालं समाधान?” मानसिंग म्हणाले.

राजलक्ष्मीनं हात पदराला पुसले.

“अजून नाही. पडदे राहिलेत.”

उंबऱ्यावर

मानसिंग तिच्याशी बोलेनात. दारावरच्या पाटीवरची खालची ओळ त्यांनी स्वतः चिकटपट्टीनं झाकली. वाकडी लावली, पुन्हा काढून सरळ लावली. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचे. राजलक्ष्मीला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि चुकलं असं वाटणं यांत तिनं गल्लत होऊ दिली नाही. पडदे आणले. शिवले. लावले. पिवळे.

मग एके सकाळी बेल वाजली, आणि दारात हौसेरावांची बायको. ज्ञानेश्वरीकाकी. घामाघूम, कडेवर एक नातू, दुसरा हाताला. दोघंही सुट्टीला आजीकडं आलेले, दोघांच्याही कपाळावर टेंगूळ.

“सर बाजूला,” त्या राजलक्ष्मीला म्हणाल्या आणि आत आल्या. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकून थांबल्या. लाल भिंत पाहिली. आडवं फडताळ पाहिलं. खालच्या खुंट्या पाहिल्या, एकीवर वेणूबाईंचं पातळ. वीत वीत मोजत त्या फ्लेक्सच्या भिंतीपाशी गेल्या.

“ह्याच्यामागं आमचे हायत म्हनं?”

“दारापाशी. तुम्ही उभ्या आहात तिथंच.”

काकींनी तिथं दोन बोटांनी टक्टक् केलं. आतून काही उत्तर आलं नाही.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “बोलत न्हाईत.”

नातू एव्हाना कडेवरून घसरला होता. यशूनं त्याला गाडी दिली, मग परत काढून घेतली. दोस्ती झाली.

“आता पहिला रईवार माझ्या हॉलात,” काकी म्हणाल्या. “मला कुनी इचारलं? सकाळी उठून म्हनले, ज्ञाना, पंधरावीस जनांचे पोहे टाक, दर महिन्याला, आन पोरांस्नी बाहेर दिसू देऊ नको. मी म्हनलं, कुटं ठिवू, फ्रिजमधी? तर म्हनले, आत ठिव. आत! राजी, तू दिवाण कशानं काढलास?”

“स्क्रूड्रायव्हरनं.”

“आन हिकडं.”

राजलक्ष्मी ओट्याखालून तो घेऊन आली.

“पुरुषमानसं काय म्हनली ग?”

“पुष्कळ म्हणाली.”

“मंग?”

“मग म्हणून झालं.”

काकींनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

“तेवढ्यानं न्हाय व्हायचं,” खुर्चीतून आवाज आला.

दोघी वळल्या. मानसिंग भिंतीकडं तोंड करून बसले होते, ते खुर्चीसकट फिरले.

“हौसेरावाचा दिवाण सागवानी हाय, वहिनी. आमच्यावानी फळकुटाचा न्हाय. मी चढिवलाय तो तुमच्या जिन्यानं, म्हाईत हाय मला. आधी वरच्या फळ्या काढायच्या. मग उभा करायचा. मग पाय. येकटीचं काम न्हाय.”

“मंग चला की.”

मानसिंगनी गुडघ्यावर हात ठेवला. राजलक्ष्मीला वाटलं, आता म्हणतील, मला काय करायचंय त्या भानगडीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते तिला क्षमा करत नव्हते. तिच्याकडं बघतही नव्हते. ते शिरवण्याचा तो जिना बघत होते, त्याचं वळण, त्यातून दिवाण कसा खाली घ्यायचा, आणि वरच्या पायरीवर हौसेराव कसे दिसतील.

“गुडघा, मामा,” ती म्हणाली.

“गुडघा माझा हाय,” ते तिला म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ते उठले. चपला शोधल्या. चपला खालच्या फडताळात होत्या, यशूच्या बुटांशेजारी, त्या वाकून घेतल्या. दारात थांबून त्यांनी आवाज खाली आणला.

“वहिनी, हौसेराव घरी कवा नसतो?”

“असंना का,” काकी म्हणाल्या. “बसला असला वर, तर त्याच्यासकट उचला.”

मानसिंगनी खांदे एकदा मागं-पुढं केले, जसे मार्केटात गाडी लागली की करायचे.

“उचलू,” ते म्हणाले.